आधी उजेड बघा, मग फोटो: कास पठारापासून गुहागरच्या वाळूपर्यंत

परवा एका मैत्रिणीनं कासचे फोटो दाखवले आणि म्हणाली, अगं तिथं उभी होते तेव्हा अंगावर काटा आला होता, मग फोटोत त्यातलं काहीच का दिसत नाही? मी फोटोची वेळ बघितली. दुपारचे १२:४०. फुलं तीच, ढग तेच, कॅमेराही माझ्यापेक्षा भारी, फक्त ऊन डोक्यावर होतं आणि त्यामुळं सगळं सपाट, पांढरट दिसत होतं. तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितेय, कारण साताऱ्या-सांगलीकडं आपल्याला पठार, घाट, धरणाचं पाणी, नदी सगळं जवळ आहे आणि समुद्रही एका सुट्टीत जाऊन येण्यासारखा आहे, पण सुरुवात कुठून करायची हे कुणी नीट सांगत नाही, सगळे थेट लेन्सच्या किमतींवरच येतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगते. फोन असेल तर फोन, कुणाचा जुना डीएसएलआर मिळाला तर तो. फोनची लेन्स मात्र प्रत्येक वेळी सुती कपड्यानं पुसा, खिशातल्या फोनवर बोटांचं तेल असतं आणि सूर्याकडं धरला की त्याच तेलामुळं सगळा फोटो धुरकट येतो. खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च ट्रायपॉडवर करा, कारण चांगला उजेड असतो तेव्हा तो कमी असतो आणि कमी उजेडात हात हलतोच.

पहिलं काम: एकच जागा धरा आणि महिनाभर तिथंच जा

नवीन माणूस रविवारी पाच स्पॉट करतो आणि एकाही ठिकाणी उजेड बदलताना बघत नाही. माझं म्हणणं उलट आहे. घराजवळची एक जागा घ्या. साताऱ्यात असाल तर अजिंक्यतारा, गाडी वरपर्यंत जाते आणि खाली अख्खं शहर दिसतं. सांगलीत असाल तर कृष्णेचा घाट आणि तिथून दिसणारा आयर्विन पूल, मिरजेकडं असाल तर दंडोबाचा डोंगर. तिथला एक दगड किंवा एक झाड निवडा आणि त्याच गोष्टीचे चार वेळा फोटो काढा: तांबडं फुटायच्या आधी, सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासानं, दुपारी, आणि दिवस बुडताना. चारही फोटो शेजारी ठेवून बघा. हे एकदा केलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

काय बघायचं तर उजेड कुठून येतोय. सूर्य तुमच्या पाठीमागं असला की समोरचं सगळं स्वच्छ दिसतं, रंग छान येतात, पण खोली जाते, डोंगर पुठ्ठ्याचा वाटतो. सूर्य बाजूला असला की प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक कपारीला सावली पडते आणि जांभा दगडाचा खरबरीतपणा हाताला लागेल असा उठून दिसतो, सह्याद्रीच्या कड्यांना तर हाच तिरपा उजेड पाहिजे. आणि सूर्य समोर असला, म्हणजे तुम्ही त्याच्याकडं तोंड करून उभे असलात, तर गवताचे तुरे कडेनं पेटल्यासारखे चमकतात, धुक्यातून पट्टे दिसतात, झाडं काळी आकृती होऊन उभी राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यवतेश्वरच्या घाटात वाळलेलं गवत संध्याकाळी असं समोरच्या उजेडात एकदा बघाच. फक्त डीएसएलआरच्या काचेतून झूम लेन्सनं सूर्याकडं थेट बघू नका, डोळ्याला कायमची इजा होते, स्क्रीनवर बघून फोटो काढा.

वेळ कशी पकडायची

सूर्य उगवल्यावरच्या आणि मावळायच्या आधीच्या सोनेरी उजेडाला सगळे गोल्डन अवर म्हणतात पण त्याचं नाव अवर असलं तरी आपल्याकडं तो पूर्ण तासभर मिळत नाही. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, साताऱ्याचा अक्षांश साधारण साडेसतरा-पावणेअठरा, त्यामुळं सूर्य बऱ्यापैकी सरळ खाली उतरतो, युरोपात कसा तिरपा घरंगळत बराच वेळ रेंगाळतो तसा रेंगाळत नाही. खरा सोनेरी उजेड अर्धा-पाऊण तास, आणि सूर्य गेल्यावरचा निळसर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे उशीर झाला की झाला, दुसरी संधी उद्याच.

वेळा लक्षात ठेवायच्या तर जानेवारीत साताऱ्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो, जूनमध्ये सहाच्या सुमाराला उगवतो आणि सात वाजून गेल्यावर मावळतो, कासच्या सीझनमध्ये सप्टेंबरअखेरीला दोन्हीकडं साधारण साडेसहाच्या अलीकडं-पलीकडं. पण डोंगरात कागदावरची वेळ उपयोगी नाही, समोर डोंगर असेल तर ऊन अर्धा तास आधीच जातं. त्यासाठी मूठ वापरा. हात सरळ लांब करा, अंगठा वर ठेवून मूठ धरा, त्या चार बोटांची उंची म्हणजे साधारण १० अंश. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणजे सूर्य आणि डोंगराची कड यांच्यात एक मूठ उरली की तुमच्याकडं साधारण ४० मिनिटं आहेत, जागा शोधणं बंद करा आणि ट्रायपॉड लावा.

अजून एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. सूर्य वर्षभर एकाच जागी मावळत नाही. आपल्याकडं डिसेंबरात तो बरोबर पश्चिमेपासून २४-२५ अंश दक्षिणेला सरकलेला असतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे जो सुळका किंवा जे झाड जानेवारीत बरोबर सूर्यासमोर आलं ते एप्रिलमध्ये येणार नाही. आवडलेला फोटो दिसला की त्याचा महिना विचारा.

आणि सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवून गाडीकडं निघतात, महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटला रोज हेच बघायला मिळतं. तुम्ही निघू नका. वर उंचावर पातळ पिसासारखे ढग असतील तर सूर्य गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी खरा रंग चढतो, कारण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो पण उंचावरच्या ढगांना त्याचा उजेड खालून मिळत असतो. माझे सगळ्यात आवडते फोटो त्याच वेळचे आहेत, पार्किंग रिकामं झाल्यावरचे.

सेटिंग, पण गरजेपुरतीच

कॅमेरा असेल तर पठार-डोंगरासाठी सुरुवात अशी करा: आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, अॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) एफ ८ ते एफ ११, मोड अॅपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे छिद्र तुम्ही ठरवायचं आणि शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत येणार ते, कॅमेऱ्याला ठरवू दे, आणि ट्रायपॉडवर असाल तर २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा, नंतर सावल्यांतलं बरंच काही परत आणता येतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, डेलाइट ठेवा, कारण ऑटो तो सोनेरी रंगच चूक समजून पुसायला बघतो आणि मग संध्याकाळ दुपारसारखी दिसते.

एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ किंवा अंधारा येतो, हा खरा अडचणीचा भाग. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही, तो सगळं मध्यम राखाडी धरून चालतो. म्हणून उन्हातली पांढरी वाळू किंवा दाट धुकं समोर असलं की तो फोटो मळकट काळा काढतो, तिथं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग, अधिक १ च्या आसपास न्या. आणि पावसानं भिजलेला काळा कातळ फ्रेमभर असला की तो उलट सगळं उजळ करून आभाळ जाळतो, तिथं उणे करा. सूर्यास्तालाही उणे १ पासून सुरुवात. आभाळ एकदा जळून पांढरं झालं की ते कुठल्याच सॉफ्टवेअरनं परत येत नाही, अंधारातलं थोडं तरी येतं, त्यामुळं शंका असेल तर अंधाराच्या बाजूला चुका.

फोनवर हेच काम बोटानं होतं: उजळ ढगावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह खाली ओढा. एवढं एक केलं तरी सूर्यास्ताचे फोटो बदलतात. आणि डिजिटल झूम करू नका, चालत पुढं जा.

फिल्टरमध्ये नवीन माणसानं एकच घ्यावा, पोलरायझर. ओल्या पानांवरची, पाण्यावरची, ओल्या दगडावरची चमक तो कापतो आणि पावसाळ्यात हिरवा रंग एकदम भरून येतो. सूर्य तुमच्या खांद्याच्या रेषेत असेल तेव्हा, म्हणजे सूर्यापासून ९० अंशांवर बघत असाल तेव्हा, त्याचा आभाळावर सगळ्यात जास्त परिणाम होतो, पण वाइड लेन्सवर आभाळाचा एक तुकडा गडद निळा आणि बाकी फिकट असं डाग पडल्यासारखं दिसतं, तेव्हा थोडा फिरवून कमी करा.

पावसाळा घरात बसून घालवू नका

ढगाळ दिवशी फोटो येत नाहीत असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ढग म्हणजे आभाळभर ताणलेला पांढरा पडदा आहे, उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या कडक पडत नाहीत. कासच्या फुलांना हाच उजेड लागतो. सीतेची आसवं, तेरडा, गेंद, मिकी माऊस, ही एवढीएवढीशी फुलं, कडक उन्हात त्यांचे रंग फिके पडतात आणि ढग आला की तेच रंग जिवंत होतात. त्यामुळं कासला गेलात आणि ऊन-पावसाचा खेळ चालू असेल तर उन्हात लांबचं दृश्य काढा, ढगाची सावली पठारावरून पुढं सरकत जाताना, आणि सावली तुमच्यावर आली की खाली वाकून फुलं काढा.

वाकून म्हणतेय, झोपून नाही, आणि पायवाटेवरूनच. कास पश्चिम घाटातल्या त्या ३९ जागांपैकी आहे ज्या २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथं जांभ्या कातळावर मातीचा फक्त पातळ थर आहे आणि सगळी फुलं त्या थरावर जगतात. एक पाऊल पडलं की तेवढा तुकडा मेला. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. फुलांच्या गालिच्यात आडवं पडून काढलेला फोटो कितीही सुंदर असला तरी मला तो बघवत नाही. वाटेच्या कडेची फुलं घ्या, कॅमेरा त्यांच्या उंचीवर आणा, ढग मागं घ्या, पुरतं. जायच्या आधी प्रवेशाचं ऑनलाइन बुकिंग आणि वेळा बघून घ्या आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा.

धबधब्यालाही ढगाळ दिवसच बरा. ठोसेघरला उन्हात गेलं की पाणी पांढरं जळतं आणि मागची दरी काळी पडते, ढगात दोन्ही मिळतं. पाणी रेशमासारखं हवं असेल तर पाव सेकंद ते १ सेकंद शटर ठेवा, पोलरायझर लावला की तेवढं शटर दिवसाही मिळतं, थेंब गोठवायचे असतील तर सेकंदाच्या ५०० व्या भागाहून वेगवान शटर ठेवा. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून त्याला नंतर लाँग एक्स्पोजर करता येतं. फार वेळ शटर उघडं ठेवलं तर धबधब्याचा कापूस होतो, त्यात जोर राहत नाही, म्हणून मी अर्ध्या सेकंदाच्या पुढं क्वचितच जाते. रेलिंगच्या पलीकडं मात्र कुणीही जाऊ नका, शेवाळावर बूट टिकत नाही.

हिवाळ्यात सांगलीकरांची मजा असते. कृष्णेवर पहाटे धुकं उतरतं, उसाच्या सीझनमध्ये गुऱ्हाळाचा धूर खाली धरून राहतो आणि त्यातून पहिलं ऊन आलं की प्रत्येक झाड वेगळं सुटं दिसतं. हा उजेड साडेआठला संपलेला असतो.

आता समुद्र

आपल्याला समुद्र रोज नाही, म्हणून त्याची तयारी घरूनच करून जायची. सातारकरांना उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणवरून गुहागर, सांगलीकरांना कोल्हापूरमार्गे आंबा घाटातून रत्नागिरी-गणपतीपुळे. चार-पाच तासांचा प्रवास करून चुकीच्या वेळी पोचलं की दोन दिवस वाया जातात, माझे गेलेत. पहिल्यांदा गुहागरला गेले तेव्हा संध्याकाळी पाणी थेट सुरूच्या झाडांजवळ, वाळू दिसायला जागा नाही, आणि मला कळेना की फोटोंत जी आरशासारखी ओली वाळू बघितली ती कुठं गेली. तिथल्या एका आजोबांनी विचारलं, तिथी बघून आलात का?

कोकणातला हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पाणी वर. मी गेले होते ती अष्टमीच होती. आणि पौर्णिमा-अमावस्येला भरती साडेअकरा-बाराच्या आसपास येते, तिथून सहा तासांनी, म्हणजे सूर्यास्ताच्याच सुमाराला, ओहोटी. शिवाय तेव्हा उधाण असतं, भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, पाणी खूप लांब जातं आणि मागं मैलभर ओली वाळू सोडून जातं. म्हणजे किनाऱ्याचे फोटो काढायला पौर्णिमा किंवा अमावस्या, किंवा त्यानंतरचे एक-दोन दिवस. कालनिर्णय बघून सुट्टी टाका. हिशेब अंदाजाचा आहे, भरती रोज पाऊण तासाच्या वर पुढं सरकते आणि प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी, त्यामुळं निघायच्या आधी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर ताडून बघा.

पोचल्यावर लगेच कॅमेरा बाहेर काढू नका. गाडीतल्या एसीतून दमट हवेत आला की लेन्सवर वाफ धरते, बॅगेतच वीस मिनिटं राहू दे, तोवर चालत जागा शोधा. नुसता समुद्र आणि नुसतं आभाळ यात फोटो होत नाही, पुढं काहीतरी लागतं. ओहोटीला छोटे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या टाकून सगळीकडं नक्षी करून ठेवतात, ती घ्या. परत जाणाऱ्या पाण्यानं वाळूत केलेल्या रेघा घ्या, तिरप्या उजेडात त्या इतक्या स्पष्ट दिसतात की दुपारी त्याच रेघा तिथं होत्या यावर विश्वास बसत नाही. कातळ, ओढलेली होडी, दोर, काहीही. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, ओल्या वाळूत आभाळाचं प्रतिबिंब खालूनच मोठं दिसतं. तुमच्या आधी कुणी चाललेलं नसेल अशी बाजू धरा आणि स्वतःच्या पावलांचाही विचार करून फिरा. क्षितिज सरळ ठेवा, स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेषा दाखवणारी ग्रिड चालू करा, समुद्र कलंडला की पहिलं तेच खुपतं.

लाटांचं शटर ही ज्याची त्याची आवड. मला लाट परत जाताना फेसाच्या लांब रेषा सोडते त्या आवडतात, त्यासाठी अर्धा ते १ सेकंद, आणि बटण लाट फुटल्यावर नाही, ती मागं फिरायला लागली की दाबायचं. एकाच जागी पन्नास लाटा काढा, एक जमते. सूर्य गेल्यावर ३० सेकंद ठेवलं तर पाण्याचं धुकं होतं, तेही एकदा करून बघा. ट्रायपॉडचे पाय आधी वाळूत दाबून रोवा, नाहीतर प्रत्येक लाटेबरोबर तो खचतो आणि फोटो हललेला येतो.

समुद्राकडं पाठ करून लेन्स बदलू नका. कातळावर जात असाल तर भरती कधी सुरू होते ते बघून जा आणि परतीची वाट पाण्याखाली जायच्या आत निघा. गणपतीपुळ्याला तर पाण्यात उतरूच नका, तिथली ओढ धोक्याची आहे, माणसं दगावली आहेत. जून ते ऑगस्टमध्ये समुद्र लांबूनच काढा. वेळास-आंजर्ल्याकडं कासवांची पिल्लं बघायला गेलात तर फ्लॅश आणि टॉर्च बंद, पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात आणि वाट चुकतात. ड्रोन असेल तर किनारा असो की अभयारण्य, परवानगीशिवाय उडवू नका.

रूमवर आल्यावर जेवायच्या आधी एक काम. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं धुवा आणि उघडेच वाळवा. लेन्सच्या काचेवर खारे तुषार असतात, कोरड्या कपड्यानं घासलं तर मिठाचे कण ओरखडे काढतात, म्हणून आधी ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा रबरी फुगा, मारा, मग किंचित ओल्या मऊ कपड्यानं, मग कोरड्या. घाट चढून घरी आलात की बॅग रिकामी करून कोरड्या हवेशीर जागी वाळवा आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा, कोकणातला आणि कासचा दमटपणा बॅगेत राहिला की महिन्याभरात लेन्सला बुरशी धरते.